पिवळ्या दिवसांतली लाल कड

सकाळी गाडी काढायला गेलो तर काच पिवळी. बोटाने रेघ ओढली तर बोट पिवळं. म्हणजे आले ते दिवस. साता समुद्रांपलीकडच्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये वसंत फुलांनी येत नाही, शिंकांनी येतो. पाइनची झाडं एके दिवशी आपापसांत ठरवल्यासारखी पराग सोडून देतात आणि मग गाड्या, घरामागचे लाकडी डेक, पोस्टाच्या पेट्या, कुणीतरी बाहेर विसरलेले बूट, सगळ्यांवर हळदीचा हात फिरतो. लोक गोळ्या घेतात, खिडक्या लावून बसतात आणि एखादी सर यावी म्हणून आभाळाकडे बघतात. मी वायपर चालवले. काचेवर पिवळा चिखल झाला आणि पलीकडचं काही दिसेना. अशा वेळी माझी बोटं नकळत हवेत काहीतरी फिरवायला लागतात. एक कडी, थोडी इकडे, थोडी तिकडे. बाबा आमच्याकडे होते त्या वर्षी, याच दिवसांत, ही सवय लागली. अजून सुटलेली नाही.

आई गेल्यानंतरची बाबांची ती पहिली खेप. आयुष्यभर नागपूरला पोस्टात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे सामान बांधणं हे त्यांच्या दृष्टीने गंभीर काम. तिखट, हळद, माझ्यासाठी शर्टाचं कापड, जे इथे कोणी शिवत नाही हे त्यांना पटत नाही, आणि लोकरी पायमोज्यात गुंडाळलेली एक लेन्स. ती लेन्स मी कळायला लागल्यापासून ओळखतो. हातात घेतली की जड लागते. काळा रंग कडांना उडालेला, फोकसच्या कडीवरच्या खाचा बाबांच्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या. तिचा कॅमेरा कधीच निकालात निघाला होता. आधी शटर अडकायला लागलं, मग दुरुस्त करणारा माणूस गेला, मग सुटे भाग मिळेनात. लेन्स मात्र ठणठणीत.

"तुझ्या कॅमेऱ्याले लागते काय पाह्य," बाबा चहा पिता पिता म्हणाले. जणू जुनी किल्ली नव्या कुलपाला लावून बघायची होती.

माझा कॅमेरा नव्या पद्धतीचा, आरसा नसलेला. डोळा लावतो त्या खिडकीत एक इवलासा टीव्ही असतो, त्यात समोरचं दिसतं. जुनी लेन्स त्याला थेट बसत नाही, मध्ये धातूची एक कडी लागते, अडॅप्टर. ती मागवली, लावली. कॅमेरा म्हणाला, लेन्स लावलेली नाही. समोर एवढी ढळढळीत लेन्स आणि हा म्हणतो नाही. जुनी लेन्स या कॅमेऱ्याशी विजेच्या भाषेत बोलत नाही, आणि जी बोलत नाही ती नाहीच, अशी त्या यंत्राची पक्की समजूत. मेनूच्या पोटात खोलवर एक परवानगी असते, लेन्स नसली तरी फोटो घेऊ दे म्हणून. ती दिल्यावर साहेब राजी झाले. बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. "सरकारी ऑफिसासारखंच आहे," म्हणाले.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या पुन्हा पुन्हा घडवून बघायच्या, आणि नेमकी कुठल्या पायरीवर गाडी घसरते ते सांगायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. नागपूरची आत्या याला खोड काढायची नोकरी म्हणते. त्या वसंतात या नोकरीने मला वाचवलं की भरकटवलं, ते अजून ठरत नाही.

इथली आमची जयंती चौदा एप्रिललाच होत नाही. जवळचा शनिवार गाठावा लागतो, हॉल मिळेल तो घ्यावा लागतो. त्या वर्षीच्या तयारीसाठी मार्चमध्ये आमच्याच घरी सगळे जमले. कुणी छोले आणले, कुणी पुलाव. वैशाली कागदावर कामं वाटत होती. ती पुण्याची, बायोटेकमध्ये आहे, आणि तिने एकदा काम वाटलं की ते परत करता येत नाही. ग्रुप फोटोचा विषय निघाला तसे सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेले बाबा म्हणाले, "ग्रुप फोटो मी काढतो."

सगळ्यांनी आनंदाने माना डोलावल्या. "वॉव काका, सुपर," वैशाली म्हणाली आणि लिहूनही टाकलं. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात प्लेटा घेऊन उभा होतो. करुणाने, माझ्या बायकोने, माझ्याकडे बघितलं. बाबांचा डावा डोळा काही वर्षांपूर्वीच गेला होता हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. उजवा चांगला आहे असं ते सांगत आणि आम्ही ते ऐकत होतो.

त्यांना फोटो का काढायचा होता, ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या वस्तीतल्या विहारापुढे दर जयंतीला वंदना झाली की ग्रुप फोटो व्हायचा आणि तो बाबा काढायचे. एप्रिलचं नागपूर. सकाळीसुद्धा फरशीचे चटके बसतात. शाळेतून बाक आणलेले. म्हातारी माणसं बाकांवर, मागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया, त्यांच्यामागे स्टुलांवर चढलेली तरणी पोरं, वर निळे झेंडे, आणि सगळ्यांत पुढे तापलेल्या फरशीवर मांडी घालून आम्ही. बूड भाजतंय म्हणून कोणी चुळबुळ केली की बाबा काळ्या कॅमेऱ्याआडून नाव घेऊन ओरडत. फरशीवरची पोरं सोडून तीन रांगा असल्या की फोकस दुसऱ्या रांगेवर धरायचा, पुढची आणि मागची मग आपोआप सांभाळली जाते, हे त्यांचं शास्त्र. त्यासाठी दुसऱ्या रांगेत मुद्दाम एक चष्मेवाला माणूस उभा करत. चष्म्याची दांडी केसासारखी बारीक दिसली की म्हणत, "हां. आता श्वास धरा." सगळी वस्ती श्वास धरायची. त्या एका क्षणापुरतं पोस्टातल्या कारकुनाचं सगळे ऐकत.

मार्च संपता संपता पिवळं पडायला लागलं. बाबा सकाळी डेकवर गेले आणि वाकून बोट फिरवून म्हणाले, "हळद सांडली काय इथं?" माझी मुलगी मैत्री बूट घालत होती. "आजोबा, इट्स जस्ट पोलन," म्हणाली आणि शाळेच्या बसकडे पळाली. त्याच आठवड्यात बाबांनी तक्रार केली की आमच्या खिडकीच्या पट्ट्या वाकड्या बसवल्यात. मधातून पोक आलंय म्हणाले. मी काय करावं? मी गराजमधून पाणसळ आणली. खुर्चीवर चढून एकेक पट्टी तपासली. सगळ्या सरळ. मग त्यांनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं, तीही वाकडी. तीही तपासली. हातात पाणसळ घेऊन मी खुर्चीवर उभा, बाबा खाली मान तिरकी करून उभे, आणि आम्ही दोघंही घर बांधणाऱ्या कंत्राटदाराला नावं ठेवत होतो.

शेवटी त्यांना डोळे दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोर चौकटीचौकटींचा एक कागद धरला, मध्ये एक ठिपका. ठिपक्याकडे बघा आणि काय दिसतं सांगा. बाबांनी बराच वेळ बघितलं. "मधातल्या चौकटी कोनं खाल्ल्या?" त्यांनी मलाच विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, डाव्यासारखाच. कडेकडेचं दिसत राहील. चालता येईल, जेवता येईल, घरात वावरता येईल. जिथे रोखून बघावं तेवढं मात्र जात राहील. म्हणजे अक्षरं. म्हणजे माणसांचे चेहरे. परत येणार नाही.

गाडीत बाबांनी पट्टा चाचपून लावला. सिग्नलला म्हणाले, "फोटो तर काढतो न मी?"

"बाबा, वैशालीला सांगू आपण. ती समजून घेईल."

"सांगू नको." मग खिडकीबाहेर बघत, "हा डोळा गेला की मंग कोणाचं तोंड कसं होतं हे आठवावंच लागन मले. त्याच्या आधी एकडाव सगळ्यांले नीट पाहून घेतो. इथले आहेत, तर इथले."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं. नाचणाऱ्याचा पायच जायबंदी आहे हे मला डॉक्टरने सांगितलं होतं, आणि मी मात्र त्या दिवसापासून अंगण सरळ करत बसलो. डोळा माझ्या हातात नव्हता. कॅमेरा होता. त्याला मेनू होते, मेनूच्या आत मेनू होते, आणि प्रत्येकात काहीतरी बदलण्यासारखं होतं. ऑफिसच्या मीटिंग चालू असायच्या, माझा आवाज बंद, आणि टेबलाखाली मांडीवर कॅमेरा. कोणी नाव घेऊन विचारलं की दचकून "येस, मेक्स सेन्स" म्हणायचं. काय मेक्स सेन्स ते देवाला, म्हणजे आमच्यात तोही नाही, त्यामुळे कोणालाच ठाऊक नाही.

हाताने फोकस करणाऱ्यांना मदत म्हणून या कॅमेऱ्यात दोन सोयी असतात. एक भिंग, म्हणजे चित्राचा तुकडा मोठा करून दाखवणं. दुसरी कड रंगवणं. जे फोकसमध्ये आलं त्याच्या कडा कॅमेरा रंगाने चमकवतो, कडी फिरवली की ती चमक चित्रावरून सरकत जाते. भिंगापासून सुरुवात केली. नव्या लेन्सची कडी फिरवली की ते आपोआप उघडतं. बाबांची लेन्स मुकी, तिची कडी फिरली हे कॅमेऱ्याला कळतच नाही. मग एका बटणावर ते बसवलं. बाबांनी बटण दाबलं, डोळा लावला आणि मान मागे घेतली. "आता तर काहीच नाही दिसून राह्यलं." साहजिक होतं. मधलं मोठं केलं की त्यांच्या नजरेतला मधला डाग मोठ्या चित्रावर बसायचा. हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. मी मात्र भिंग किती पटीचं असावं यावर दोन सकाळी घालवल्या.

मग कडा. आधी पिवळा रंग ठेवला, पिवळा म्हणे लांबूनही दिसतो. डेकवर गेलो. कठडा पिवळा, खुर्च्या पिवळ्या, झाडांखालची वाट पिवळी, आणि या सगळ्या पिवळ्यात फोकसच्या पिवळ्या कडा कुठे गेल्या त्या त्यांनाच माहीत. बाबा कडी फिरवत राहिले, मी शिंकत राहिलो. मग पांढरा केला. घरात रंगीत तालीम म्हणून करुणाला आणि शेजारच्या मावशींना जयंतीच्या पांढऱ्या साड्या नेसवून भिंतीपाशी उभं केलं. मावशी मूळच्या सोलापूरच्या, मुलीकडे आलेल्या. फोटो म्हटल्यावर त्यांनी पावडरसुद्धा लावली. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या साड्यांवर पांढऱ्या कडा. "किती वेळ उभं राहायचं?" मावशींनी विचारलं. "यांचं सेटिंग होईपर्यंत," करुणा म्हणाली. तिच्या आवाजातली धार मला ऐकू आली होती, पण मी मेनूत होतो.

शेवटी लाल. लाल दिसला. पांढऱ्यावर दिसला, पिवळ्यावर दिसला. मी खूश. बाबांनी खिडकीला डोळा लावला, बराच वेळ कडी फिरवली, आणि फोटो आला तो मावशींच्या मागच्या घड्याळाचा. घड्याळ इतकं स्वच्छ की काटे मोजून घ्यावेत. मावशी आणि करुणा धुक्यात. "हा तर भिंतीच्या लग्नाचा फोटो झाला," मावशी म्हणाल्या. बाबा हसले आणि कॅमेरा त्यांनी माझ्या हातात दिला. मी लगेच म्हटलं, अडॅप्टर सैल आहे.

खरंच सैल होता. तेही शोधून काढलं. शिवाय किंचित पातळ, त्यामुळे लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे पडत होते. पूर्वी बाबा अंदाजाने आकडा लावून, न बघताही फोकस जमवत. ती वाट बंद. दुसरा अडॅप्टर मागवला. तो लेन्सच्या मागच्या कडीला घासायला लागला. तो परत पाठवला, तिसरा मागवला. दारात खोके येत होते, परागाने माखलेले, आणि मी सकाळी कॉफीच्या आधी ते फोडत होतो. एका दुपारी मी बाबांना म्हटलं, "लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र बारीक ठेवू. सगळंच आपोआप नीट येईल, पुढचं, मागचं, भिंतीवरचं. फोकसची कटकटच नको."

"मंग मी काय करू?"

"बटण दाबा."

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं बाजूला, बघितलं. मी घाईघाईने पुढे सांगितलं की नव्या लेन्सने तर कॅमेरा स्वतःच चेहरे शोधतो. "शोधतो काय?" बाबा म्हणाले. "बरं आहे त्याचं." आणि उठून आत गेले.

त्या दुपारी करुणाने मला डेकवर नेलं. खुर्ची पुसली नाही, तशीच पिवळ्यात बसली. "तू बाबांकडे बघतोस का रे कधी?" तिने विचारलं. "म्हणजे कॅमेरा बाजूला ठेवून?" मी काहीतरी बोलायला लागलो. ती म्हणाली, "ते माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या कानाच्या पलीकडे बघतात, फ्रिजकडे. आधी मला वाटायचं लक्ष नाहीये. यार, ते तसं बघतात कारण तेव्हा मी त्यांना दिसते. मैत्रीला पोळी वाढतात तेव्हा बघ. तूही बघ ना."

रात्रीच्या जेवणात बघितलं. बाबा डाळीच्या वाटीकडे बघायचे आणि पोळी घ्यायचे. मैत्रीच्या डाव्या खांद्यावरून मागच्या पडद्याकडे बघत तिला म्हणाले, "केस कापले काय? बरे दिसतात." मैत्रीने केस खरंच कापले होते. मी पाणी प्यायलो आणि मला फार रडू आलं. इतके दिवस मी त्यांचा डोळा त्या इवल्याशा खिडकीला चिकटवत होतो. तिथे बघायला एकच जागा, मधली. बाजूला सरकायला तिथे जागाच नव्हती.

त्यानंतरचं सगळं एका सकाळी झालं. कॅमेऱ्याची डोळा लावायची खिडकी बंद केली. कॅमेऱ्यामागचा मोठा पडदा चालू केला. स्टँड इतका उंच केला की पडदा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येईल. मग बाबा एक पाऊल मागे उभे राहिले आणि पडद्याकडे न बघता त्याच्या डाव्या कडेपलीकडे बघायला लागले. मधला डाग तिकडे गेला. पडदा बाजूच्या नजरेत आला. बाजूची नजर अंधुक असते, चष्म्याच्या दांड्या तिला कुठल्या दिसायला. पण लाल दिसायचं. कडी फिरवली की लाल विरळ होई, दाट होई, पुन्हा विरळ. "दाट झालं की थांबायचं," बाबा म्हणाले. कड रंगवण्याची सोय मी कमाल पातळीवर ठेवली. जाणकार माणूस म्हणेल एवढी वाढवली की ती खोटं बोलते, जरा जाड फोकस दाखवते. बोलू दे. छिद्र मध्यम ठेवलं, फार उघडं नाही, फार बारीक नाही. बाबांना काम उरलं पाहिजे आणि थोडं चुकलं तरी चाललं पाहिजे, असं. त्यांना मात्र अडचण एकच येत होती. नजर रोखायला काहीतरी लागायचं. भिंत मोकळी असली की डोळा आपोआप घसरून मध्ये यायचा, जन्माची सवय. घरात त्यांनी फ्रिज धरला. फ्रिजकडे रोखून बघत करुणाचा फोटो काढला आणि करुणा त्यात स्वच्छ आली.

शनिवारी स्टँड खांद्यावर घेऊन हॉलमध्ये पाय ठेवला. एक सांगतो, मला स्वतःला काही सिद्ध करायचं नव्हतं. मला फक्त भीती होती की एवढ्या लोकांसमोर बाबा कडी फिरवत राहतील, लोक आधी चेहऱ्यावर हसू धरून ठेवतील, मग माना अवघडतील, मग कोणीतरी प्रेमाने म्हणेल, काका, राहू द्या. आणि ते राहू देतील. वंदना झाली. लहान मुलांनी भाषणं केली, काहींनी मराठीत, काहींनी इंग्रजीत, एकाने विसरून दोन्हीत. मला एकही आठवत नाही. मी स्टँडचे पाय घट्ट करत होतो, सैल करत होतो.

"दादा, फोटो लंचच्या आधी करून टाकू या," वैशाली म्हणाली. "नंतर लोक निघतात." मग आवाज खाली करून, "मी बॅकअपला फोनवर एक घेऊन ठेवते हं." मी म्हटलं, घे. बाबांना ऐकू गेलं असेल.

रांगा लागल्या. म्हातारे पाहुणे खुर्च्यांवर, मागे पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे, त्यामागे उंच पोरं, पुढे गालिच्यावर मुलं, भिंतीवर निळे झेंडे. बाबांनी स्वतः पुढे जाऊन एका चष्मेवाल्या गृहस्थांना दंडाला धरून दुसऱ्या रांगेत आणलं. कुठल्या कंपनीतले मोठे अधिकारी होते ते. निमूट आले. मग बाबा कॅमेऱ्यामागे गेले. पडदा चालू. त्यांनी डावीकडे बघितलं. तिकडे हॉलची पांढरी, कोरी भिंत. नजर रोखायला काही नाही. डोळा घसरला हे मला लांबून कळलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मुलं चुळबुळायला लागली.

"तू जा तिथं," बाबा मला म्हणाले. "भिंतीपाशी. उभा राह्य."

मी गेलो. रांगेच्या टोकापासून थोडा दूर, फोटोत येणार नाही असा उभा राहिलो. बाबांनी माझ्याकडे बघितलं. कडी फिरवायला लागले. हॉलमध्ये हळूहळू शांतता झाली. कोणीतरी हळूच म्हणालं, "काका तिकडे बघतायत." बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांची बोटं कडीवर मागे गेली, पुढे आली, किंचित मागे. चेहरा अगदी ओळखीचा, विहारापुढचा. माझ्यावर रोखलेले त्यांचे डोळे इतके स्थिर होते की मलाच हलता येईना. इतक्या वेळ त्यांनी माझ्याकडे आधी कधी बघितलं होतं का, आठवत नाही.

"हां," बाबा म्हणाले. "आता श्वास धरा."

सगळ्यांनी धरला. मीही धरला. त्यांनी बटण दाबलं. टाळ्या वाजल्या, जेवणाकडे गर्दी झाली, आणि वैशालीने ओरडून सगळ्यांना थांबवून फोनवर आपला फोटो काढला.

तिचाच फोटो ग्रुपवर गेला. त्यात सगळे समोर बघून हसतायत. छान आहे. बाबांचा फोटो मी घरी येऊन संगणकावर उघडला. आधी मोठा करून दुसरी रांग बघितली, टेस्टरची खोड. चष्म्याच्या दांड्या स्वच्छ. पदराचे काठ स्वच्छ. मग चित्र लहान करून पूर्ण बघितलं आणि खुर्चीत मागे टेकलो. कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नव्हतं. फोटो काढणारा जिकडे बघतो तिकडे माणसं बघतात, एवढं साधं माझ्या कुठल्याच तपासणीत आलं नव्हतं. म्हातारे, बाया, पोरं, ते चष्मेवाले अधिकारी, मैत्री, करुणा, सगळेच्या सगळे फोटोच्या डाव्या कडेबाहेर बघत होते. तिथे मी होतो.

बाबा मागे खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावरचं त्यांना नीट दिसणार नव्हतं, त्यांनी बघायचा प्रयत्नही केला नाही.

"आला काय?"

"आला. दुसरी रांग एकदम बरोबर आहे बाबा."

त्यांनी मान हलवली. समाधानाने गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी बटन दाबलं तेव्हा तू तिथंच होता न? हलला तर नाही?"

"नाही. तिथंच होतो."

"मंग बरोबर आहे," बाबा म्हणाले. "तुझ्याकडंच पाहत होतो मी सारा वेळ. एवढे सगळे दिसले रे. तूच तेवढा दिसला नाही."